विमानाचं इमर्जन्सी लँडिंग म्हणजे नक्की काय? क्वांटास ३२ च्या उदाहरणातून समजून घेऊया

विमानं ट्रॅक करणारी ॲप्स आता बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असतात. अधूनमधून नोटिफिकेशन येतं की अमुक फ्लाइटने ७७०० कोड लावला. पाच मिनिटांत स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो आणि दहाव्या मिनिटाला कुणीतरी "विमान पडलं" असं लिहून मोकळं होतं. त्याच वेळी त्या विमानातल्या कुणाची तरी आई घरी फोन हातात धरून बसलेली असते. म्हणून या लेखात आपण इमर्जन्सी लँडिंगमध्ये प्रत्यक्ष काय घडतं, एका विमानामुळे बाकीच्यांचा प्रवास का अडकतो आणि अशा वेळी तुमच्या फोनचा खरा उपयोग काय, हे बघू. उदाहरण घेतलंय २०१० सालचं. त्याची चौकशी पूर्ण झालेली आहे आणि आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांनाही त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

७७०० म्हणजे काय?

प्रत्येक प्रवासी विमानात ट्रान्सपाँडर नावाचं यंत्र असतं. कंट्रोलरने दिलेला चार आकडी कोड वैमानिक त्यात टाकतो आणि विमान रडारवर ओळखता येतं. तीन कोड जगभर राखीव आहेत: ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद आणि ७७०० म्हणजे आणीबाणी. आजची बहुतेक विमानं एडीएस-बी या पद्धतीने आपली जागा, उंची आणि वेग स्वतःच प्रसारित करत असतात. छतावर छोटा रिसीव्हर लावलेले हौशी लोक हे सिग्नल पकडतात आणि तेच तुमच्या ॲपमध्ये दिसतात.

लक्षात घ्या, ७७०० चा अर्थ "आम्हाला प्राधान्य द्या" एवढाच. कारण आजारी प्रवासी असू शकतं, केबिनमधला धूर असू शकतं किंवा इंजिन. कोडवरून कारण कळत नाही.

रेडिओवर बोलतानाही दोन पातळ्या असतात. "मेडे" म्हणजे जिवाला तातडीचा धोका. "पॅन-पॅन" म्हणजे परिस्थिती गंभीर आहे, पण हाताळतोय.

४ नोव्हेंबर २०१० ला काय झालं?

क्वांटासची फ्लाइट ३२ लंडनहून सिंगापूरमार्गे सिडनीला जायची. विमान होतं एअरबस ए३८०, म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान. त्या सकाळी सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून ते उडालं तेव्हा आत ४४० प्रवासी आणि २९ कर्मचारी होते. काही मिनिटांतच, सुमारे ७,००० फुटांवर, दोन मोठे आवाज झाले. डाव्या पंखाखालचं दोन नंबरचं इंजिन आतून फुटलं होतं.

साधारणपणे इंजिन बंद पडलं तर तुकडे बाहेर येऊ नयेत, अशी रचना असते. पण इथे टर्बाइनची जड चकती तुटली आणि तिचे तुकडे इंजिनचं कवच फोडून बाहेर आले. असे तुकडे अडवणं कुठल्याच कवचाला शक्य नसतं. त्यांनी पंखाला भोकं पाडली, इंधनाची टाकी फोडली, वायरी तोडल्या. हायड्रॉलिक, ब्रेक, इंधन, वीज या सगळ्यांवर परिणाम झाला. इंजिनच्या कवचाचे तुकडे खाली इंडोनेशियाच्या बाताम बेटावर पडले. सुदैवाने तिथे कुणी जखमी झालं नाही.

कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी "पॅन-पॅन" दिला.

लगेच उतरले का नाहीत?

हा प्रश्न सगळेच विचारतात. ॲपवर विमान घिरट्या घालताना दिसलं की आपल्याला वाटतं, काहीतरी भयंकर चाललंय. खरं तर घिरट्या म्हणजे वैमानिकांनी मिळवलेला वेळ.

ए३८० मध्ये ईकॅम नावाची यंत्रणा असते. काय बिघडलं ते ती स्क्रीनवर दाखवते आणि त्यासाठीची चेकलिस्टही देते. त्या दिवशी इशारे एकामागून एक येत राहिले. मी ज्या टीममध्ये काम करतो तिथे एक डेटाबेस पडला की त्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या सेवा एकदम ओरडायला लागतात. कारण एक आणि अलर्ट पन्नास. फरक एवढाच की आमच्याकडे वेबसाइट बंद पडते, त्यांच्याकडे ४६९ जीव होते.

योगायोगाने त्या दिवशी कॉकपिटमध्ये नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे पाच वैमानिक होते. सगळे इशारे तपासायला जवळपास ५० मिनिटं लागली. यंत्रणेने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी डोळे झाकून केली नाही. एका टाकीतलं इंधन दुसरीत वळवायची सूचना आली, पण इंधनव्यवस्थेचं नुकसान बघता ती त्यांनी पाळली नाही. डी क्रेस्पिनी यांनी नंतर सांगितलं की एका टप्प्यावर त्यांनी विचारच उलटा केला: काय काय बिघडलंय हे मोजत बसण्याऐवजी काय काय चालू आहे, ते बघायचं.

उतरता येईल का? हिशेब ॲपवर

अडचण वजनाची होती. विमान लांबच्या प्रवासाचं इंधन घेऊन निघालेलं. ते हवेत सोडून देण्याची यंत्रणा वापरता येत नव्हती. त्यामुळे उतरताना वजन सुमारे ४४० टन असणार होतं, कमाल मर्यादेपेक्षा साधारण ५० टन जास्त. शिवाय ब्रेक अर्धवट आणि पंखांवरचे वेग कमी करणारे काही भाग निकामी.

किती धावपट्टी लागेल हे काढायला वैमानिकांकडे एक प्रोग्रॅम असतो. त्यात वजन, वारा आणि बिघाड टाकायचे, उत्तर येतं. पहिल्यांदा उत्तरच आलं नाही. इनपुट पुन्हा तपासल्यावर लक्षात आलं की हिशेब ओल्या धावपट्टीचा धरला होता, प्रत्यक्षात चांगीची धावपट्टी कोरडी होती. ती दुरुस्ती केल्यावर उत्तर आलं: उतरता येईल, शंभर मीटर शिल्लक राहतील. धावपट्टी चार किलोमीटरची, आणि शिल्लक फक्त शंभर मीटर!

उतरण्याआधी त्यांनी हवेतच विमान हळूहळू वळवून बघितलं, कमी वेगात ते ताब्यात राहतं का ते तपासलं. आपण लाइव्ह करण्याआधी टेस्ट करतो, तसंच. मग ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने विमान टेकलं आणि धावपट्टी संपण्याआधी थांबलं. चार टायर फुटले.

तरीही संपलं नव्हतं. डाव्या पंखातून इंधन गळत होतं, ब्रेक प्रचंड तापले होते आणि एक नंबरचं इंजिन बंदच होईना, कारण त्याच्या वायरी तुटल्या होत्या. आपत्कालीन घसरगुंड्या उघडल्या तर लोक पाय मोडून घेतात, शिवाय खाली इंधन आणि चालू इंजिन. म्हणून प्रवाशांना आतच बसवून, अग्निशमन दलाने फेस मारल्यावर, उजव्या बाजूच्या एका दरवाजातून जिन्याने उतरवलं. ते इंजिन बंद व्हायला सुमारे तीन तास लागले. विमानातलं कुणीही जखमी झालं नाही.

आणि ट्विटरवर?

बाताममध्ये पडलेल्या तुकड्यांचे फोटो इंटरनेटवर आले. त्यावर क्वांटासचा रंग स्पष्ट दिसत होता. विमान अजून हवेत असतानाच ते कोसळल्याची बातमी पसरली. फोटो खरा, त्यावरून काढलेला अर्थ मात्र खोटा. आजच्या फॉरवर्डचीही हीच गंमत आहे. त्यातले बरेच फोटो बनावट नसतात, खाली लिहिलेली ओळ बनावट असते.

एक विमान बिघडलं, हजारोंचा प्रवास का अडकला?

क्वांटासने त्याच दिवशी आपली सगळी, म्हणजे सहा, ए३८० विमानं उभी केली. कारण साधं आहे. दोष एकाच इंजिनात आहे की त्या मॉडेलच्या सगळ्या इंजिनांत, हे कळल्याशिवाय उडणं म्हणजे जुगार.

आता एका ए३८० मध्ये ४५० जागा. त्याऐवजी लहान विमान लावलं तर दर फेरीला बरेच लोक मागे राहतात. दुसरं म्हणजे लांब पल्ल्याचं विमान साखळीत फिरतं: सिडनी, सिंगापूर, लंडन आणि परत. एक कडी तुटली की दोन दिवसांनंतरची फ्लाइटसुद्धा हलते. त्यात दुसऱ्याच दिवशी सिंगापूरहून सिडनीला निघालेलं क्वांटासचं एक ७४७ विमानही इंजिनाच्या बिघाडामुळे परत फिरलं.

सिंगापूर एअरलाइन्स आणि लुफ्थान्सा यांच्या ए३८० मध्येही रोल्स-रॉइसचं ट्रेंट ९०० इंजिन होतं, त्यामुळे त्यांनाही तपासण्या कराव्या लागल्या. एमिरेट्सच्या ए३८० ला मात्र दुसऱ्या कंपनीचं इंजिन असल्याने ती उडत राहिली. फोन एकच, पण प्रोसेसर वेगळा, असं समजा. क्वांटासची ए३८० सेवा २७ नोव्हेंबरला टप्प्याटप्प्याने सुरू झाली. बिघडलेलं विमान दुरुस्त होऊन परतलं थेट एप्रिल २०१२ मध्ये.

कारण काय निघालं?

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेचा अंतिम अहवाल जून २०१३ मध्ये आला. इंजिनमधल्या तेलाच्या एका छोट्या नळीचं छिद्र मधोमध नव्हतं, जरा सरकलेलं होतं. त्यामुळे एका बाजूची भिंत पातळ झाली, तिला तडा गेला, तेल गळलं, आग लागली आणि चकती शाफ्टपासून सुटून बेफाम फिरत फुटली. रोल्स-रॉइसने सदोष नळ्या असलेली इंजिनं बदलली. शिवाय कंट्रोल सॉफ्टवेअरही सुधारलं, म्हणजे टर्बाइन बेफाम होण्याआधी इंजिन आपोआप बंद व्हावं.

तुमच्यावर वेळ आली तर

१. ॲपवर ७७०० दिसला तर फॉरवर्ड करू नका. एअरलाइनचं किंवा विमानतळाचं अधिकृत निवेदन येईपर्यंत थांबा.

२. विमान थांबल्यावर व्हिडिओ काढत उभे राहू नका. कर्मचारी सांगतील ते करा, बॅग सोडून द्या. उतरल्यावर घरी एक ओळ पाठवा: "सुखरूप आहे, नंतर बोलतो."

३. बोर्डिंग पास आणि तिकिटाचे स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा, नेट नसेल तरी दिसतील. एअरलाइनच्या ॲपमध्ये आपलाच मोबाइल नंबर टाकलाय ना ते बघा. एजंटचा नंबर असेल तर बदललेल्या वेळेचा मेसेज त्याला जातो.

४. पुढची फ्लाइट शक्यतो एकाच पीएनआरवर घ्या. मुंबई–सिंगापूर आणि सिंगापूर–सिडनी अशी दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिली उशिरा पोचल्यावर दुसऱ्या कंपनीची तुम्हाला पुढे न्यायची जबाबदारी सहसा नसते.

५. भारतात डीजीसीएच्या नियमांनुसार उशिराच्या कालावधीप्रमाणे खाणं-पिणं, पर्यायी फ्लाइट किंवा रिफंड आणि काही वेळा हॉटेल मिळतं. वेगळी नुकसानभरपाई मात्र कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी मिळत नाही. जे मिळेल ते काउंटरवर लेखी मागा, बिलांचे फोटो ठेवा. दाद मिळाली नाही तर एअरसेवा ॲपवर तक्रार करता येते.

आणि शेवटचं. पर्यायी फ्लाइटसाठी काउंटरवर भांडण्याआधी आठवा की वैमानिकाने "वेळ गेला तरी चालेल, आधी तपासतो" असं ठरवलं, म्हणूनच आपण रांगेत उभे आहोत. क्वांटास ३२ च्या ४४० प्रवाशांचा सिडनीला पोचायला उशीर झाला, पण ते पोचले.