संगणक-जाळ्यांतील कालमेळ
परस्परांना जोडलेल्या संगणकांची घड्याळे एकाच वेळेवर ठेवण्याची पद्धती. संगणकातील घड्याळ क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. तापमानानुसार ही कंपने किंचित बदलत असल्याने ते दिवसाकाठी एखादा सेकंद सहज पुढेमागे होते. शिवाय अचूक वेळ कळविणारा संदेशही वाटेत रेंगाळतो, हा यातील खरा पेच होय.

डेव्हिड एल. मिल्स (१९३८–२०२४) या अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्यावर काढलेला तोडगा आजही प्रचारात आहे. त्यांच्या ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ या नियमावलीचा पहिला आराखडा १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीनुसार विचारणारा संगणक संदेश निघाल्याचा व उत्तर मिळाल्याचा क्षण नोंदवितो. वेळ देणारा संगणक संदेश पोहोचल्याचा व उत्तर धाडल्याचा. या चार नोंदींवरून प्रवासकाल वजा करून दोन घड्याळांतील फरक काढतात. जाण्यास व येण्यास सारखाच काळ लागतो, असे मात्र यात गृहीत धरलेले असते. तसे नसल्यास त्या दोन काळांतील अंतराच्या निम्मी चूक उरते आणि ती या नोंदींवरून मुळीच ओळखता येत नाही.

लहान फरक घड्याळाची गती थोडी बदलून हळूहळू भरून काढतात. घड्याळ स्थिरावले, की विचारणा ६४ सेकंदांऐवजी १,०२४ सेकंदांनी एकदा होते. ही काटकसर क्षुल्लक नव्हे : २००३ मध्ये, उत्तर न मिळाल्यास दर सेकंदाला विचारणा करणाऱ्या सदोष घरगुती उपकरणांमुळे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कालसेवेवर संदेशांचा प्रचंड लोंढा कोसळला होता.