आळशी नव्हता तो

परवा आत्याने फोनवर विचारलं, "मुलांच्या डोक्याचे फोटो काढतेस म्हणजे नक्की करतेस तरी काय गं?" मुलं वाचायला शिकतात तेव्हा मेंदूत काय घडतं, हा माझ्या पोस्टडॉकचा विषय. तेव्हा दोन वाक्यांत उरकलं, पण ते मनाला लागून राहिलं. म्हणून आज सविस्तर.

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये. १८८७ साली कापडाच्या एका निवृत्त व्यापाऱ्याला अचानक वाचता येईनासं झालं. नजर ठीक, बोलणं ठीक. लिहिताही यायचं, पण स्वतःच लिहिलेलं वाचता येत नसे! १८९२ मध्ये तो वारल्यावर देजरीन या डॉक्टरांना त्याच्या मेंदूत डावीकडे, मागच्या बाजूला इजा सापडली. डोळ्यांना दिसलेली अक्षरं भाषेपर्यंत पोचायची वाटच तुटली होती.

पुढे १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. ७४९ गुणिले ८६७ हा पठ्ठ्या झटकन करायचा, पण स्वतःच्या नावातली अक्षरं उलटसुलट लिहायचा. कितीही शिकवलं तरी वाचन येईना. मास्तरांचं मत असं, की सगळं तोंडी शिकवलं तर शाळेत हाच सर्वांत हुशार ठरेल. मॉर्गन म्हणाले, हा दोष जन्मजात असावा.

पण जिवंत मुलाचा मेंदू उघडून बघणार कोण? १९९० च्या सुमारास सेइजी ओगावा यांनी रक्तातल्या ऑक्सिजनवरून मेंदूचं काम एमआरआयमध्ये टिपता येतं हे दाखवलं. ना सुई, ना क्ष-किरण. मग मुलांनाही यंत्रात झोपवता येऊ लागलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात सहा वर्षांच्या दहा मुलांचे शाळेच्या पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा स्कॅन काढले. काही महिन्यांतच डावीकडे, मागच्या बाजूला शब्दांची जागा उमटली!

लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. वाचनासाठी मेंदूत जन्मतः राखीव खोली नसतेच. प्रत्येक मूल ती नव्याने तयार करतं, आणि काहींना ते फार जड जातं. अशा मुलांच्या गटात हा भाग सरासरीने कमी उजळतो. अर्थात एका स्कॅनवरून एखाद्या मुलावर शिक्का मारता येत नाही.

आत्या, तुझा प्रश्न माझ्या नोकरीबद्दल नव्हता, हे फोन ठेवल्यावर कळलं. दादाला वर्गात 'ढ' म्हणायचे. तूही पुस्तक उघडं ठेवून त्याला रात्री अकरापर्यंत बसवायचीस, मारायचीस, आणि मग आत जाऊन रडायचीस. मी शेजारी बसून घडाघडा वाचून दाखवायचे. शहाणपणा मिरवायला, दुसरं काय.

त्याला नेमकं काय होतं, ते आता सांगता येणार नाही. पण पर्सीबद्दल वाचताना दर वेळी मला त्याचाच चेहरा दिसतो.

असो. दादा हे वाचणार नाही. तूच त्याला वाचून दाखव.