गाळ ढवळण्याची परीक्षा

टाकीतला गाळ ढवळणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आमच्या हाटकेशच्या कारखान्यांतील कोणीही कामगार म्हणेल. बांबू घ्यावा नि ढवळावे. पण ज्या टाकीजवळ माणसाला उभेच राहता येत नाही, ती ढवळावी कशी?

अमेरिकेत हॅनफर्ड येथे १९४४ पासून अणुबाँबसाठी प्लुटोनियम काढू लागले. मागे उरला किरणोत्सर्गी आम्लद्रव. त्याला स्टेनलेस स्टीलच्या टाक्या हव्यात. युद्धकाळात ते मिळणे कठीण. तेव्हा कॉस्टिक सोड्याने आम्ल मारून द्रव साध्या पोलादाच्या टाक्यांत भरला. काटकसर झाली खरी, पण सोड्यामुळे धातूंचा साका तळाशी बसला. अशा १७७ टाक्यांत सुमारे २१ कोटी लिटर ऐवज साठला! आपल्याकडे ट्रॉम्बे व तारापूर येथे हा द्रव आम्ल स्वरूपातच स्टेनलेस स्टीलमध्ये ठेवतात.

साका नुसता पडून राहत नाही. त्यात हायड्रोजन कोंडतो. एक टाकी तर काही महिन्यांनी ढेकर द्यावी तसा तो वायू एकदम सोडी, ठिणगीचे भय. १९९३ मध्ये तीत पंप उतरवून गाळ हलता ठेवला, तेव्हा ढेकरा थांबल्या.

पुढे या साक्याची काच करण्याचा कारखाना काढला. त्यातील काही टाक्या एकदा चालू झाल्या की दुरुस्तीला कोणी आत जाणार नाही. म्हणून फिरणारी रवी नको; नळीत निर्वाताने गाळ ओढायचा आणि दाबाच्या हवेने तळाशी फेकायचा, अशी युक्ती ठरली. चाचण्या लहान टाक्यांत, खऱ्या गाळाऐवजी नकली गाळ घालून झाल्या. आता ताकाच्या लोट्यात जे घुसळते ते रांजणात घुसळेलच असे नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. जड कण तळाशी साचले तर वायू कोंडेल, प्लुटोनियमही एका जागी जमेल.

वॉल्टर टॅमोसायटिस या अनुभवी अभियंत्याने २०१० मध्ये असे आक्षेप लेखी मांडले. त्याच सुमारास त्यांना प्रकल्पावरून काढून तळघरातल्या खोलीत बसवले. मालकांनी कारण अर्थात वेगळे सांगितले. आम्हां युनियनवाल्यांना ती भाषा नवी नाही. २०१२ मध्ये त्या मुख्य इमारतीचे बांधकाम थांबले. नंतर पूर्ण आकाराची टाकी उभारून चाचण्या घेतल्या. टॅमोसायटिस यांचा दावा २०१५ मध्ये ४१ लाख डॉलरांवर मिटला. कंपनीने चूक मात्र कबूल केली नाही.