कडाक्याच्या थंडीत ठिबकची पाइपलाइन आणि द्राक्षबाग

न्हावा शेव्यात पाइपमधले पाणी गोठण्याची भीती नाही. समुद्रकाठी तेवढी थंडी पडतच नाही. पण तिथल्या बंदरातून युरोपला जाणारी द्राक्षे ज्या निफाड-दिंडोरी पट्ट्यातून येतात, तिथे काही हिवाळ्यांत पारा 5 अंशांखाली जातो आणि पहाटे ठिबकच्या नळ्यांवर दव गोठलेले दिसते.

पारा 3 अंशांवर असताना बर्फ कसा? हवामान केंद्रातील तापमापी जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पेटीत असते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन रात्रभर उष्णता गमावते आणि तिच्या लगतची हवा आणखी काही अंशांनी थंड होते. म्हणून केंद्राच्या आकड्यावर विसंबू नका. एक साधा तापमापी बागेत खाली टांगून ठेवा.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. लवचिक लॅटरल ते बऱ्यापैकी सोसते. फुटतात ते उघड्यावरचे पीव्हीसी जोड, फिल्टर, व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज. मेन लाइन दोन फूट खोल गाडलेली असेल तर तिची चिंता नको. थंडीची लाट असेपर्यंत संध्याकाळी फिल्टरचा ड्रेन उघडून पाणी काढा, लॅटरलच्या एंड कॅप सोडा. फवारणी पंपातले पाणी काढायचे बहुतेक जण विसरतात! लाइन गोठलीच तर पंप चालू करू नका, पाइपला जाळ दाखवू नका. ऊन चढू द्या, किंवा कोमट पाण्यात भिजवलेले पोते गुंडाळा.

पहाटे मात्र एंड कॅप लावून बागेला हलके पाणी द्यावे. विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. मण्यांत पाणी उतरत असेल तर एकदम जास्त पाणी देऊ नका, मणी तडकतात. शेकोट्या वाऱ्याच्या दिशेच्या बांधावर पेटवा. उपयोग होतो तो उष्णतेचा. ओला पाला जाळून नुसता धूर करण्यावर माझा फारसा भरवसा नाही.

कंटेनरमध्ये द्राक्षे 0 अंशाजवळच प्रवास करतात. साखरेमुळे पिकलेला मणी त्या तापमानाला गोठत नाही. तडकलेला मणी मात्र खोक्यात कुजतो आणि शेजारच्यांनाही कुजवतो, म्हणून असे मणी काढणीआधीच कात्रीने काढून टाका.