जुनी जीप आणि रोजचा रस्ता

आपल्याकडे एके काळी सरकार खेड्यात यायचे ते जीपमधून. वेशीपलीकडे धुळीचा लोट दिसला की पोरे ओरडत सुटत, "जीप आली, जीप आली!" पाटील-कोतवाल टोपी सावरून उभे राहत. आत कोण बसले आहे हे मागाहून कळायचे. कधी बीडीओसाहेब, कधी रेंजरसाहेब, कधी लस टोचणारे डॉक्टर, तर कधी कालव्याची मोजणी करणारे ओव्हरसियर. माणसे बदलत, खाती बदलत; गाडी मात्र तीच.

अर्जुनी मोरगावच्या बाजूला तर या गाडीवाचून गत्यंतरच नव्हते. एकीकडे नवेगावबांधचे जंगल, दुसरीकडे इटियाडोहाचे पाणी आणि मध्ये नजर पोचेल तिथवर धानाच्या बांध्या. गोंदियाहून चांद्याकडे जाणारी छोटी आगगाडी अर्जुनीला थांबे खरी. पण स्टेशनातून बाहेर पडले की पुढे रेंगी नाहीतर दमणी. मृग बरसला की वाटेचा चिखल व्हायचा, आणि त्या चिखलातून चारही चाकांनी ओढून बाहेर पडणारी गाडी एकच होती.

त्या काळातली एखादी जीप आजही कुणाच्या गोठ्याशेजारी, ताडपत्रीखाली उभी असलेली दिसते. कुणी हौशी माणूस ती विकत घेतो आणि म्हणतो, "हिला पुन्हा चालती करायची." ऐकायला सोपे वाटते. पण चालती म्हणजे कशी? वर्षातून एकदा मिरवणुकीत नेण्यापुरती, की रोज सकाळी बाजाराला, शाळेला, शेतावर नेण्यासाठी? या दोन्हींत महदंतर आहे. आपल्याला इथे विचार करायचा आहे तो दुसऱ्या प्रकारचा, आणि त्यासाठी ही गाडी मुळात कशासाठी जन्माला आली ते आधी पाहिले पाहिजे.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने १३५ कारखानदारांना विचारले, आम्हाला हलकी, चारही चाकांना जोर देणारी, टेहळणीची गाडी करून द्याल काय? मुदत इतकी थोडी होती की बहुतेकांनी हात वर केले. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने मात्र कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावून ४९ दिवसांत नमुना उभा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी तो सैन्याच्या ताब्यात दिला. पुढे मोठे काम विलीस आणि फोर्ड या कंपन्यांकडे गेले. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बाहेर काढल्या. बनावट अगदी साधी: सपाट पत्रा, उघडे बोल्ट, हात घालायला ऐसपैस जागा. रणांगणावर कारखाना कुठून आणणार? शिपायाने पान्हा घेऊन वाटेतच दुरुस्त करावी, असाच हिशेब होता. जीपचे खरे वैशिष्ट्य चार चाकांच्या जोरात आहे असे लोक समजतात. ते खरेच आहे. पण दुरुस्त होत राहण्याची सोय हे तिचे त्याहून मोठे वैशिष्ट्य होय.

भारतात ही गाडी आली ती युद्धाबरोबर. लढाई संपल्यावर सैन्याच्या शिल्लक गाड्या विक्रीला निघाल्या. १९४७ साली महिंद्र कंपनीने विलीसच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईस जोडायला सुरुवात केली. माझगावच्या शेडमध्ये जोडली जाणारी ही गाडी पुढे हळूहळू देशी झाली. बोनेट उंच असलेली जी जीप आपल्या पिढ्यांनी पाहिली, तिचे मूळ नाव सी. जे. ३-बी. बोनेट उंच का, तर इंजिनची वरची झडप माथ्यावर गेल्यामुळे इंजिनाचीच उंची वाढली. अमेरिकेत या मॉडेलचे उत्पादन १९६८ साली थांबले. आपल्याकडे त्याच घडणीच्या गाड्या पुढे कित्येक वर्षे निघत राहिल्या. म्हणूनच तिचे सुटे भाग आजही शोधले तर मिळतात.

याच काळातली एक हकीकत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी सैन्याला जीप तातडीने हव्या होत्या. लंडनमधील आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी तिथल्या एका कंपनीशी २,००० 'दुरुस्त केलेल्या' जीपचा करार केला. रक्कम सुमारे ८० लाख रुपये. प्रत्यक्षात आल्या १५५, आणि त्याही कामाच्या नाहीत असे ठरले. संसदेत मोठा गदारोळ झाला. शेवटी १९५५ साली सरकारने ते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. राजकारणाचा भाग आपण सोडून देऊ. पण जुन्या गाडीला हात घालणाऱ्या प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे, की 'दुरुस्त केलेली' हा शब्द कागदावर लिहायला काही लागत नाही. रस्ता तो तपासून पाहतो.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटागटाला जीप मिळू लागली. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. जीप त्यांच्याही दाराशी उभी राहिली. जंगल खाते, पाटबंधारे, आरोग्य, सगळीकडे तीच. सरकारी नोकरी संपली की गाडी निर्लेखित व्हायची, म्हणजे कागदोपत्री मरायची, आणि लिलावात जायची. तिचा खरा संसार बहुधा तिथूनच सुरू होई. लिलावात घेणारा कुणी धानाचा व्यापारी असे, कुणी लाकडाचा ठेकेदार, कुणी मोठा शेतकरी. हे लोक काही हौशी संग्राहक नव्हते. गाडी उभी राहिली तर धंदा उभा राहील, म्हणून ते ती चालवत आणि चालावी म्हणून दुरुस्त करत. १९७३ नंतर पेट्रोल महागले तेव्हा त्यांतल्या कितीतरी जीपमधले पेट्रोल इंजिन उतरले आणि डिझेल चढले. गाडी हादरू लागली, कानठळ्या बसू लागल्या; पण चालली. तेव्हा जुनी मोटार रोजच्या वापरासाठी पुन्हा उभी करणे ही परदेशातून आलेली नवी हौस आहे, असे कुणी म्हणाले तर ते खरे मानू नका. आपल्याकडे तो रिवाजच होता. त्याला नाव मात्र नव्हते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. गाडी हाती आली म्हणजे पहिला मोह होतो तो रंगाचा. तो आवरावा. आधी पाहायचा तो सांगाडा, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला चासी म्हणतात तो. दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. धानाच्या मुलखातला चिखल या पट्ट्यांच्या आत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षे लोखंड खात राहतो. बाहेरून रंग छान, आतून चाळणी. जाणता मिस्त्री हातोडीने ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला की तिथे खूण करतो. सडलेला भाग कापून नवी पट्टी जोडल्याखेरीज पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग ब्रेक. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि सगळ्यांना दाब देणारा मास्टर सिलिंडर एकच. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले, असा त्याचा अर्थ. हँडब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. तो उभ्या गाडीसाठी चांगला, धावत्या गाडीला थांबवण्यासाठी नव्हे. १९५५ साली रस्त्यावर बैलगाड्या होत्या, तेव्हा हे खपले. आज साकोलीकडे जाताना मागून भरधाव ट्रक येतो. तेव्हा मास्टर सिलिंडर दोन भागांचा बसवावा, म्हणजे एक बाजू गेली तरी दुसरी राहते. मूळ रूप बिघडले, अशी हळहळ इथे करू नये.

स्टेअरिंगचेही तसेच. चाक चांगले दोन-तीन इंच फिरवावे तेव्हा कुठे गाडी वळायचे मनावर घेते, अशी अवस्था असेल तर जोडांचे बॉल आणि पुढच्या धुरीतली बेअरिंगे झिजली आहेत असे समजावे. पाट्यांच्या कमानीचे बुश बदलावेत. सुरुवातीच्या जीपना वीज सहा व्होल्टची असे. तिचे दिवे म्हणजे कंदीलच म्हणा ना. रात्री प्रवास करायचा असेल तर बारा व्होल्ट आणि डायनामोच्या जागी आल्टरनेटर हवा.

इंजिनाला मात्र जपून हात लावावा. चार सिलिंडरचे, सुमारे २,२०० सी.सी.चे हे इंजिन लांब घोट घेणारे आहे. पिस्टनची धाव त्याच्या रुंदीहून बरीच अधिक. त्यामुळे ते वेगात मंद, पण ओढण्यात खमके. ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे ढकलण्यात शहाणपण नाही. पहिला गिअर टाकायचा तो गाडी थांबल्यावर, नाहीतर दात करकरतात. झडपा घासाव्यात, रिंगा बदलाव्यात, रेडिएटर आतून धुऊन घ्यावा; कारण विदर्भाच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की पहिली परीक्षा त्याचीच. एवढे केले की हे इंजिन कुरकुर न करता काम देते.

थोडक्यात सूत्र असे: ज्याने जीव वाचतो ते नवे घ्या, बाकीचे जुने, पण नीट.

आज या कामात दोन नव्या अडचणी आल्या आहेत. पहिली पेट्रोलची. २०२५ पर्यंत आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. हे इथेनॉल उसापासून होते, मक्यापासून होते आणि तांदळापासूनही होते. म्हणजे धान पिकवणाऱ्या या मुलखाचा त्याच्याशी दूरचा का होईना संबंध आहे. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचाचे गॅस्केट त्याला तोंड देऊ शकत नाहीत. शिवाय ते पाणी ओढते, त्यामुळे टाकीला गंज चढतो. नळ्या व पडदा नव्या जातीच्या रबराचे घालावेत, कार्बुरेटरचा मेन जेट किंचित मोठा करावा आणि टाकी भरून महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवू नये. म्हणजे पाहा, रोज चालवणे हाच इथे निम्मा उपाय आहे.

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती अधिक नाजूक आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नवी करायची. एप्रिल २०२२ मध्ये मोटारगाडीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,०००. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणली. कानाला गोड वाटते. पण अट वाचा. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा इंधन भरायला नेता येते. नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. शिवाय सांगाडा, बॉडी वा इंजिन मुळाबरहुकूम हवे. म्हणजे डिझेल चढवून वीस वर्षे धान वाहिलेली जीप या मानाला मुकली. तेव्हा गाडी रोज चालवायची असेल तर साधीच नोंदणी चालू ठेवा, इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद पुस्तकात करून घ्या आणि तपासणीला मनापासून तयार व्हा. जुन्या गाड्या धूर सोडतात, त्या धोक्याच्या असतात, हे सरकारचे म्हणणे खोटे नाही. त्याला उत्तर एकच: नीट ठेवलेली गाडी समोर नेऊन उभी करणे.

अर्जुनीच्या आसपासच्या माणसाला ही गोष्ट तलावांवरून चटकन पटेल. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे परंपरा सांगते. कोहळ्यांनी बांधलेले असे कितीतरी तलाव या भागात आहेत. ते टिकले ते दगडमातीच्या बळावर नव्हे. दरवर्षी पाळ पाहायची, गाळ काढायचा, पाटचाऱ्या मोकळ्या करायच्या, हे काम कुणाच्या तरी अंगावर असे. १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. जुलूम गेला हे चांगलेच झाले. पण दरवर्षी पाळीवर जाऊन उभे राहणारा माणूसही गेला, आणि पुष्कळसे 'मामा' तलाव गाळाने भरले. तलाव तोच, पाळ तीच. राखणारा हात तेवढा नाहीसा झाला.

जुन्या जीपचेही नेमके हेच होऊ घातले आहे. सुटे भाग मिळतात, रंग मिळतो, पैसाही एखाद्याजवळ असतो. उणीव पडू लागली आहे ती इंजिनाच्या आवाजावरून कोणती झडप चुकते आहे हे सांगणाऱ्या मिस्त्रीची. नवी गाडी संगणक जोडून तपासतात; ती विद्याही मोठीच आहे. पण तिने कार्बुरेटर जुळवता येत नाही. तालुक्याच्या गावी ज्यांनी तीस-चाळीस वर्षे जीप उघडल्या आणि जोडल्या, त्यांचे हात आता थकले आहेत आणि त्यांच्या शेजारी बसून शिकणारा पोरगा क्वचित दिसतो.

म्हणून तुमच्या गोठ्याशेजारी अशी एखादी गाडी उभी असेल, तर एवढे करा. रंगाच्या दुकानात जाण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलवा. त्याला खुर्ची द्या, चहा द्या आणि गाडी खोलताना आयटीआयमध्ये शिकणारा एखादा मुलगा त्याच्याजवळ बसवा. तो मुलगा विचारील तितके त्याला सांगू द्या. चार महिने अधिक लागले तर लागू द्यात. गाडी रस्त्यावर येईल तेव्हा तिला रोज न्या, बाजाराला न्या, पावसात न्या. आणि बिघडली तर त्याच मुलाला हाक मारा.