इसाराचे पैसे

लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्यापारी नव्या चोपडीवर हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर ‘श्री’ काढतो, आणि मग वर्षभर त्या वहीत एकच दंडक चालतो : कोणाकडून आले आणि कोणाला दिले, ते नाव घातल्यावाचून पैसाही मांडायचा नाही. या मंगल दिवसांत आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत तो इतिहास मात्र अशा पैशांचा आहे, की जे पुष्कळ घरांतून गेले, परंतु कोणत्याच वहीत नावासह लिहिले गेले नाहीत.

इसार हा शब्द आपल्या घरोघरी परिचयाचा आहे. बैलजोडी घ्यायची असो, जमिनीचा तुकडा घ्यायचा असो, नाही तर लग्नासाठी वाजंत्री ठरवायचे असोत, थोडी रक्कम आधी हातावर ठेवल्याखेरीज बोलणे पक्के होत नाही. जुन्नर तालुक्यातील नारायणगावी चैत्राच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पुढारी तेथे येतात, फडमालकासमोर बसतात, जत्रेची तारीख ठरवतात आणि सुपारी देतात. फड कोणाचा, मालक कोण, गेल्या साली कोणत्या गावी खेळ झाला, हे सगळ्यांना ठाऊक असते. उद्या फड आला नाही, तर पुढारी पुन्हा त्याच राहुटीच्या दारात उभे राहू शकतात. इसाराचे बळ त्या रकमेत नसते, ते या ओळखीत असते.

जुन्या सराफांनी हे मर्म नीट ओळखले होते. त्यांच्या हुंड्यांत ‘शहाजोग’ नावाचा एक प्रकार असे. ती हुंडी कोणीही उपटसुंभ घेऊन आला म्हणून वटत नसे. बाजारात ज्याची पत आहे अशा ‘शहा’लाच तिचे पैसे मिळत, आणि पुढे हुंडी खोटी ठरली तर ते त्याच्याकडून वसूल करता येत. शेकडो कोसांवर पैसा पाठवायचा, पण घेणारा हात मात्र ओळखीचा हवा, अशी ती योजना होती.

भामट्याची सारी कला या ओळखीला वगळून इसार तेवढा घेण्यात आहे. तिचा एक जुना व सविस्तर वृत्तांत फ्रान्समधील विदॉक या गृहस्थाने लिहून ठेवला आहे. हा माणूस आधी स्वतः कैदी होता, पुढे पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झाला, आणि १८२८ साली त्याच्या आठवणी छापून निघू लागल्या. राज्यक्रांतीच्या धामधुमीच्या काळात तुरुंगांतील कैदी परगावच्या सधन गृहस्थांची नावे मिळवून त्यांना पत्रे लिहीत. पत्राचा नायक एखाद्या परागंदा सरदाराचा इमानी नोकर असे. पळताना धन्याची हिऱ्यांची पेटी आपण अमुक ठिकाणी दडवली, ती काढायला परत आलो तो पकडले गेलो, सुटकेपुरती थोडी रक्कम पाठवाल तर पेटीची जागा सांगतो, असा मजकूर. या पत्रांना ‘जेरुसलेमची पत्रे’ म्हणत. शंभर पत्रे टाकली तर वीसांना तरी उत्तर येई, असे विदॉक लिहितो. पॅरिसचा एक कापडव्यापारी तर सरदारणीचे हिरे मिळतील या आशेने पुलाची कमान पोखरताना सापडला होता!

हे सोंग पुढे देशोदेशी फिरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने इंग्लंड-अमेरिकेत गाजले. नोकराच्या जागी स्पेनच्या तुरुंगात खितपत पडलेला धनाढ्य पुरुष आला, त्याला एक निराधार कन्या आली, आणि पत्राअखेर एक विनंती आली : ही गोष्ट कोणापाशी बोलू नका. ही विनंतीच त्या पत्राची खरी किल्ली होती. शेजाऱ्याला सांगितले तर शेजारी हसेल आणि डोळे उघडतील.

अमेरिकेत ऑस्कर हार्टझेल याने तर गुप्ततेचाच धंदा केला. १५९६ साली वारलेल्या सर फ्रान्सिस ड्रेकच्या संपत्तीचा दावा आपण लढवीत आहोत, त्याच्या खर्चाला पैसे द्या, पुढे पटींनी मिळतील, असे सांगून त्याने आयोवा आणि आसपासच्या प्रांतांतील हजारो लोकांकडून वर्षानुवर्षे वर्गणी घेतली. अट एकच, कोठे वाच्यता करायची नाही. १९३३ साली त्याच्यावर खटला उभा राहिला, तेव्हा फसलेल्यांपैकी कित्येकांनी त्याच्याच बचावासाठी आणखी पैसे पाठवले. आपण फसलो हे कबूल करण्यापेक्षा पुन्हा फसणे त्यांना सोपे वाटले.

यात केवळ अडाणीच सापडतात असे समजू नये. १९९५ पासून १९९८ पर्यंत ब्राझीलच्या एका बँकेतून २४ कोटी २० लक्ष डॉलर निघून गेले. इमॅन्युएल न्वुडे या नायजेरियन इसमाने आपण देशाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर असल्याची बतावणी केली आणि नव्या विमानतळात पैसा गुंतवण्याच्या मिषाने बँकेच्या एका बड्या अधिकाऱ्याकडून रकमा उकळल्या. विमानतळ कोठेच नव्हता. न्वुडेला २००५ साली शिक्षा झाली. आपल्याकडे जसा चारसोबीस, तसा तिकडे दंडसंहितेच्या कलमावरून ‘चारशे एकोणीस’ हा शब्दच अशा लबाडीला रूढ झाला आहे.

आता त्या इमानी नोकराने नवा वेष घेतला आहे. मोबाइलच्या पडद्यावर एका तरुणीचे छायाचित्र येते, सोबत देण्याची जाहिरात येते, आणि खाली क्रमांक असतो. विषय दिवाळी अंकात नाजूक खरा, पण घरातील तरुण मुलगा, परगावी एकटा राहणारा नोकरदार, किंवा पत्नीवियोगाने सुन्न झालेला प्रौढ गृहस्थ ज्या खड्ड्यात पडतो, त्याच्याकडे पाठ फिरवून तो बुजत नाही. आरंभी जागा राखून ठेवण्यासाठी थोडी रक्कम मागतात. ती गेली की परत मिळणारे म्हणून ‘डिपॉझिट’, मग ओळखपडताळणीचे शुल्क, मग आधीचे पैसे परत करण्यासाठी आणखी पैसे! पैसे मिळतील म्हणून संकेतचित्र पाठवतात आणि गुप्त क्रमांक दाबायला सांगतात. वास्तविक पैसे घेण्यासाठी तो क्रमांक कधीच लागत नाही, तो देण्यासाठीच लागतो. भेट होतच नाही. छायाचित्र बहुधा तिसऱ्याच कोणाचे तरी चोरलेले असते, आणि ती बिचारी आपला चेहरा कोठल्या बाजारात मांडला गेला आहे हे जाणतही नाही. तीही या गुन्ह्यात नागवली गेलेलीच आहे.

जुन्या पत्रांत ‘कोणाला सांगू नका’ असे लिहावे लागे. येथे ते लिहावे लागत नाही, लाजच ते काम करते. आणि लाज पुरेशी नसेल तर धमकी येते : तुझ्या घरी कळवू, तुझ्या कचेरीत कळवू. कोणी तोतया फौजदार होऊन दूरध्वनी करतो. भिऊन पैसे दिल्याने धमकी थांबत नाही, उलट हा माणूस भितो एवढे समोरच्याला पक्के कळते. अशा ओझ्याखाली जिवाचे बरेवाईट करून घेण्यापर्यंत माणसे गेली आहेत.

कायद्याकडे पाहावे, तर १८६० च्या भारतीय दंडसंहितेने फसवणुकीची जी व्याख्या केली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात जी आहे, तीत फसवणाऱ्याचे कपट विचारात घेतले आहे. फसलेला मनुष्य सोवळा होता की नाही, हा प्रश्न तीत नाही. पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात वेगाने सरकतो. तो वाटेत आहे तोवरच बँकेला अडवता येतो. संदेश आणि व्यवहाराचे क्रमांक पुसून टाकू नयेत. ते लाजेचे डाग वाटले तरी तोच पुरावा असतो.

परंतु १९३० ला कळवण्याआधी फसलेल्याला बहुधा घरातल्याच कोणाला तरी सांगावे लागते, आणि तेथेच बहुतेक जण अडतात. विदॉकच्या काळापासून आजवर भामट्यांनी एका गोष्टीवर अचूक भिस्त ठेवली आहे, की फसलेला माणूस घरच्यांना अधिक भितो. ती भिस्त आपण खोटी पाडू शकतो. यंदा फराळाला सारे जमतील, तेव्हा चेष्टेच्या नव्हे तर काळजीच्या स्वरात हा विषय एकदा काढावा, आणि मुलांना व म्हाताऱ्यांनाही सांगून ठेवावे : पैसे कशापायी गेले ते मागाहून बोलू, आधी गेले एवढे सांग. एवढे आश्वासन ज्या घरात आहे, तेथे दुसऱ्यांदा पैसे मागणाऱ्या भामट्याला उत्तर द्यायला फसलेला मनुष्य एकटा उरत नाही.