डिजिटल पाळत आणि वैवाहिक छळ

नवरा-बायकोपैकी एकाने बाहेरख्यालीपणाच्या संशयावरून दुसऱ्याचा मोबाइल, समाजमाध्यमांवरील खाती आणि ठावठिकाणा यांवर पाळत ठेवणे, आणि त्या जोरावर धमकावणे, अपमान करणे किंवा मारहाण करणे, असा हा छळाचा प्रकार आहे. पासवर्ड काढून घेणे, व्हॉट्सॲपवरचे ‘लास्ट सीन’ तपासणे, लोकेशन सतत चालू ठेवायला लावणे ही त्याची नेहमीची रूपे. सुरुवातीला ती काळजीच्या नावाखाली खपून जातात.

फेसबुक-इन्स्टाग्राममुळे जुन्या ओळखी सहज जुळतात आणि त्यांतून विवाहबाह्य संबंधही निर्माण होतात, हे खरे. पण संशयाने पछाडलेल्या माणसाला बायको रात्री उशिरा ऑनलाइन दिसली, एवढेही पुरते. मोबाइल नव्हता तेव्हाही हा छळ होताच. त्याच्या जुन्या रूपांबद्दल राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांना विचारले जाते : परपुरुषाशी बोलल्यावर नवरा चिडतो का, बदफैलीचा आरोप करतो का, कुठे आहेस असे सतत विचारतो का. छळ एवढ्यावर थांबत नाही : 2019–21 च्या पाहणीत 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले.

छळामुळे एकटी पडलेली स्त्री कधी ऑनलाइन मैत्रीत आधार शोधते. ते चॅट हाती लागले, की वर्षानुवर्षांच्या मारहाणीला तेच कारण म्हणून पुढे केले जाते. म्हणून मार आधी सुरू झाला की चॅट, हे तपासणाऱ्याने विचारलेच पाहिजे. आणि संबंध खरोखर असले, तरी मारहाण हा गुन्हाच राहतो.

विवाहबाह्य संबंध मात्र आता गुन्हा नाहीत. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 497 नुसार व्यभिचाराचा गुन्हा परपुरुषावर दाखल होई. तक्रारीचा हक्क पतीला होता, पत्नीला नव्हता. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. 27 सप्टेंबर 2018 रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते रद्द केले. हिंदू विवाह कायद्यात व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण आजही आहे. मात्र त्यासाठी शरीरसंबंध सिद्ध व्हावा लागतो, नुसत्या प्रेमळ संदेशांनी तो सिद्ध होत नाही. उलट, पत्नीच्या चारित्र्यावर बिनबुडाचे शिंतोडे उडवणे ही क्रूरता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये म्हटले. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक व भावनिक छळही येतो.

जोडीदाराचे चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2025 रोजी दिला. तो पुराव्यापुरता आहे. घरात हेरगिरी करण्याचा तो परवाना नव्हे. संमतीवाचून खासगी अवयवांचे छायाचित्र काढणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे, आणि त्यात पती-पत्नीला सूट नाही.